भिंतीपलीकडचे ठाणे

॥ श्री ॥

सोमवार, २ डिसेंबर २०२४

आज आलेला माल: साखर पाच किलो २२५, चहापत्ती अर्धा किलो २४०, शेंगदाणे दोन किलो २६०, साबुदाणा दोन किलो १४०, गूळ एक किलो ५५, फिनाईलच्या दोन बाटल्या १३०, हळद-कुंकू ४०, नारळ ३५ (तडकलेला दिला होता, बदलून आणला). एकूण ११२५.

दोन माणसांच्या घराला पाच किलो साखर आणि दोन बाटल्या फिनाईल कशाला, असे यांनी पिशवी उतरवता उतरवताच विचारले. जसे काही यांना माहीतच नाही. आमच्या घराची उजवी भिंत म्हणजेच पोलीस ठाण्याची डावी भिंत. आमच्या बुऱ्हाणपूरचे हे ठाणे इंग्रजांच्या वेळचे, वर कौले, कौले फुटली तिथे पत्रा. त्यात बायकांचा संडास नाही. तिथल्या तिन्ही पोलीस मुली आमच्याकडे येतात, फिनाईल त्यापायी. आणि बाईमाणसाला बसायला ठाण्यात बाकडे नाही, म्हणून कामाने आलेल्या बायका आधी आमच्या ओट्यावर टेकतात. ऊन असले तर पुढच्या खोलीत. दारी आलेलीला कोरडे पाठवायचे का? साखर त्यापायी.

आजपासून मार्गशीर्ष लागला. आणि आजच ठाणेदारसाहेब कागद घेऊन दारात. माणूस सागरकडचा, बोलतो गोड. म्हणाले, "भाभीजी, वरून पैसा आला आहे, पण एकाच कामाचा. या तो यही थाना सुधार लो, नहीं तो बायपास पर नया बना लो. महीने के आखिर तक फैसला." शांतता समितीत गेल्या गणपतीपासून माझे नाव आहे. एक बाई पाहिजे होती आणि भिंतीला भिंत लागून मी होते, म्हणून घातले. आता मला मत द्यायचे आहे.

माझे मत तर केव्हाच तयार आहे. जाऊ दे बायपासला. माझी पुढची खोली मला परत मिळेल. खिडकीशी शिलाई मशीन मांडीन, देवांनाही उजेड येईल. ओट्याला टेकवलेल्या जप्तीच्या मोटारसायकली जातील. गेल्या वर्षी केळीचा भरलेला ट्रक पकडून आठ दिवस दारात उभा केला होता, त्या चिलटांची आठवण आली तरी पदर नाकाला जातो.

गुरुवार, ५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, लक्ष्मीची पोथी उघडली, तोच दारावर थाप. गायत्री. ही तिघींतली सर्वांत लहान पोलीस, खकनारची पोर.

"काकू, दोन मिनिट."

"अगं, मी सोवळ्यात आहे."

"मी नाही शिवत ना तुम्हाला. भिंतीला चिकटून जाते." आणि खरेच भिंतीला पाठ घासत, बूट हातात धरून, चोरासारखी मागे गेली. मला पोथी वाचता वाचता हसू आले. देवीने क्षमा करावी.

दुपारी मालूबाई आली. राजपुऱ्यातून चालत येते, भाजी निवडण्याची कामे करते, तिशीची असेल. तिसऱ्यांदा आली ही. ओट्यावर बसते, ठाण्याच्या फाटकाकडे पाहते, अर्ध्या तासाने उठून जाते.

मी विचारले, "ठाण्यात काही काम होते का?"

"नाही वो काकू. पाय दुखून राहिले, म्हणून बसली."

"मग डॉक्टरकडे जावे. ठाण्यात काय पायाला तेल लावून देतात?"

हसली. चहा दिला. दोन्ही हातांत काचेच्या बांगड्या पार कोपरापर्यंत भरलेल्या. एवढ्या बांगड्यांचे पैसे भाजी निवडून कसे निघतात कोण जाणे. मी तसे बोलूनही दाखवले. ती पदर ओढून बसली. तरुण बायकांना सांगितलेले रुचत नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

इंजिनियर आला. रितेश नाव, इंदूरहून आलाय, गालावर नीट दाढीसुद्धा नाही. एक लहानसे यंत्र भिंतीवर धरतो आणि लाल ठिपका पडतो, त्याने लांबी कळते म्हणे. लाल ठिपका खिडकीतून आमच्या देवघरात आला आणि बाळकृष्णाच्या पोटावर थांबला. मी म्हटले, "बाळा, याचे माप घेऊ नको, हा कुठे जाणार नाही." तो लाजला.

त्याला विचारले, काय दिसते? म्हणाला, भिंती अजून शंभर वर्षे उभ्या राहतील, छत मात्र यंदाच उतरवायला हवे. दुरुस्ती होऊ शकते, नवेही होऊ शकते. "आंटी, दोनों हो सकता है. ये तो आप लोगों को तय करना है." एवढे शिकून आम्हालाच विचारायचे तर यंत्र कशाला, असे मनात आले, पण बोलले नाही. चहा दिला, खारी दिली.

संध्याकाळी लीलाधर शेठ स्वतः आले. कपड्याचे मोठे दुकान आहे त्यांचे कोपऱ्यावर, आणि आमचे हे तिथेच हिशेब लिहितात, म्हणून आदराने वागावे लागते. शेठ म्हणाले, "वहिनी, ठाणे गेले की गल्ली मोकळी. गिऱ्हाईक गाडी लावील, तुमच्या पुढच्या खोलीला भाडेकरू मिळेल. तुमचे नव्याला मत ना?"

मी म्हटले, "नव्यालाच."

शेठ इतके खूष झाले की चहा पूर्ण प्यायले. एरवी अर्धा ठेवतात.

मंगळवार, १० डिसेंबर

ठाण्यात बैठक झाली. बाहेर व्हरांड्यात बसलो, कारण आत छताचा पोपडा कालच फाईलींवर पडला. समितीचे नऊ जण, आठ पुरुष आणि मी. ठाणेदारसाहेबांनी दोन नकाशे दाखवले. नव्याचा नकाशा रंगीत, त्यात झाडे, कारंजेसुद्धा. जुन्याच्या दुरुस्तीचा काळापांढरा. कोणीही रंगीतच निवडील. शेवटी ते म्हणाले, "छब्बीस तारीख को बड़ी मैडम खुद देखने आएँगी. सबका मत लिखित में चाहिए. सत्ताईस तक." बडी मॅडम म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या पोलीस अधिकारी.

सगळे नव्याच्या बाजूचे. मीही मान हलवली. हे बाहेर माझी वाट पाहत होते. म्हणाले, "झाले एकदाचे?" मी म्हटले, "झाले."

गायत्री पाणी वाटत होती. बैठक उठल्यावर मागे मागे आली. "काकू, बायपासला कोण येईल हो?"

"का? ऑटो जातात ना."

"हो, जातात," म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली. तोंड उतरलेले. मला वाटते तिला आमच्या घराची सवय लागली. नव्या ठिकाणी संडास स्वच्छ असेल, फरशीचा. मग तोंड उतरायला काय झाले?

गुरुवार, १२ डिसेंबर

दुसरा गुरुवार. पोथी झाली. मालूबाई आली ती एका हाताने पदर धरून. हातात आज पाच-सहाच बांगड्या उरलेल्या, मनगटावर काच लागून चीर.

"काय झाले ग?"

"भांडे घासताना फुटल्या."

"एवढ्या? भांडे घासत होतीस की भांड्याशी कुस्ती खेळत होतीस?" हळद लावून दिली. आणि म्हटले, बघ, उगाच कोपरापर्यंत भरल्या आणि उगाच फोडल्या. तिने पदर मनगटावर ओढला. मग विचारले, "काकू, ठाणं खरंच हलून राहिलं का वो?"

मी आनंदाने सांगितले, "हो, बायपासला. सुटलो आपण."

चहा निम्मा ठेवून गेली. साखर घातलेला चहा ओतावा लागला. मन खट्टू झाले ते चहासाठीच, असे आधी वाटले. पण दुपारभर गेले नाही ते.

सोमवार, १६ डिसेंबर

यांना म्हटले, मत द्यायचे तर जागा बघून द्यावे. दहावीला आमच्या बाई सांगायच्या, प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये. हे म्हणाले, "तुझ्या दहावीला पस्तीस वर्षे झाली, अजून पेपर संपेना." पण स्कूटर काढली.

बायपासची जागा उघडी, माळ नुसता. चारही बाजूंना केळीच्या बागा, मधून ट्रक धावतात. झाड नाही, नळ नाही, चहाची टपरी सुद्धा नाही. वारा मात्र चांगला. पाच मिनिटांत मला लघवीला लागले. आता लिहायला काय लाज, वही माझीच आहे. जागा कुठे? हे म्हणाले, बागेत जा. केळीच्या बागेत माणसे काम करत होती. तशीच स्कूटरवर बसून घरापर्यंत आले, प्रत्येक खड्ड्याला रामनाम घेत. हे हसून हसून स्कूटर चालवत होते. म्हणाले, "आता कळले गायत्री भिंतीला चिकटून का पळते?"

घरी येऊन शांत झाल्यावर एक विचार आला. जाताना चौकात ऑटोवाल्याला विचारले होते, बायपासचे किती? म्हणाला साठ. येऊन-जाऊन एकशेवीस. मला तर हे सोडतील. पण ज्या बाईला यांच्यासारखा माणूस नाही, उलट माणसाचीच कागाळी न्यायची आहे, ती साठ रुपये कोणाजवळ मागेल? त्याच्याचजवळ? की "अहो, जरा साठ रुपये द्या, तुमची तक्रार करून येते"?

मला एकटीलाच हसू आले आणि मग आले नाही.

नवीन ठाण्यात फरशी असेल, कारंजे असेल. पण तिथपर्यंत जायचे कसे हे रंगीत नकाशात नव्हते. की होते आणि मला दिसले नाही?

गुरुवार, १९ डिसेंबर

तिसरा गुरुवार. पुढच्या गुरुवारी उद्यापन करून सात सवाष्णींना हळदीकुंकू द्यायचे, तर यंदा नेमकी सफला एकादशी आली आहे. दिगंबर गुरुजींना फोन केला. म्हणाले, "खुशाल करा. नैवेद्य उपासाचा दाखवा, पुरणपोळीचा आग्रह धरू नका." बरेच झाले. शेंगदाण्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, आणि केळी. केळ्यांना बुऱ्हाणपुरात पैसे कोण देतो? कोणी ना कोणी घड आणून ठेवतेच.

सवाष्णी कोण कोण? समोरच्या दोघी, शेठजींच्या घरच्या वहिनी, ठाण्यातल्या दोन मुली (गायत्रीचे लग्न व्हायचे आहे, ती वाढायला), आणखी एक दूधवाल्याची. सातवी कोण ते सुचेना. मालूबाई बसली होती ओट्यावर. तिला सांगितले, "पुढच्या गुरुवारी चार वाजता ये, सवाष्ण म्हणून."

ती मला म्हणाली, "मी?"

"का? नवरा आहे ना तुला?"

"हाये ना," म्हणाली. मग उठता उठता, "कोणाला सांगू का वो काकू, येताना?"

मी म्हटले सांग. एखादी येईल म्हणून म्हटले.

मत अजून लिहिले नाही. कागद देव्हाऱ्याखाली ठेवला आहे. देवी काही सुचवील तर बरे.

गुरुवार, २६ डिसेंबर. एकादशी

आज हात दुखत आहेत, तरी सगळे लिहायचे.

सात सांगितल्या होत्या. साडेतीनपासून बायका येऊ लागल्या त्या थांबेचनात. ओटा भरला, पुढची खोली भरली, मग गल्लीत भिंतीच्या कडेने रांगच लागली, पार ठाण्याच्या फाटकापर्यंत. सगळ्या जरीच्या नाही, पण धुतलेल्या, चांगल्या लुगड्यांत. मी गायत्रीला बाजूला घेतले. "तू काय दवंडी पिटलीस?"

"आईशपथ काकू, मी एकीलाही नाही सांगितलं. मालूबाईनं सांगितलं असेल."

"एवढ्या जणी मालूबाईच्या ओळखीच्या कशा?"

गायत्री म्हणाली, "मालूबाईच्या नाही काकू, तुमच्या." आणि खिचडीचे पातेले घेऊन निघून गेली. वेडी पोर. मला त्यांतल्या एकीचेही नाव माहीत नव्हते. तोंडे मात्र पाहिलेली. एक म्हणे, "काकू, पावसाळ्यात आली होती मी, भिजून. तुम्ही टॉवेल दिला होता." दुसरी बहादरपूरची, डोक्यावर केळीचा अख्खा घड. "माझं काम झालं काकू, पोरगी घरी परत आली. सांगायला यायचं राहूनच गेलं." तिसरी म्हणाली, "ठाणं चाललं म्हणतात. म्हटलं एकदा भेटून घ्यावं."

मी मनात म्हटले, ठाणे चालले, मी कुठे चालले?

तेवढ्यात गल्लीत दोन गाड्या. मोठ्या मॅडम सांगितल्यापेक्षा तासभर आधी आल्या. चाळीस-बेचाळीस वय, केस कापलेले, खांद्यावर चकाकणारे. गाडीतून उतरल्या आणि ती रांग पाहिली. मला खिडकीतून सगळे ऐकू येत होते.

"ठाणेदार साहब, ये महिलाएँ कब से खड़ी हैं?"

"जी मैडम, वो..."

"इतनी शिकायतें? और बैठने को एक कुर्सी नहीं?"

ठाणेदारसाहेबांना घाम फुटला. खरे सांगावे तर पूजेला आल्यात म्हणायचे, आणि खोटे सांगावे तर ठाण्यात गुन्हेच गुन्हे म्हणायचे. ते नुसते टोपी काढून घालू लागले. मग मला राहवले नाही. तबक हातात तसेच, बाहेर आले.

"मॅडमजी, ये शिकायतवाली नहीं हैं. ये तो मेरे यहाँ आई हैं. हल्दी-कुंकू को."

"आप?"

"मैं बाजूवाली."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटले रागावल्या. म्हटले, आता देवीच्या दिवशी दारातून बाई परत गेली तर बरे नाही. "आप भी आइए ना. आज के दिन दरवाजे से कोई औरत वापस नहीं जाती." आणि हात धरला. माझ्या हाताची हळद त्यांच्या खाकी बाहीला लागली. ठाणेदारसाहेबांनी डोळे मिटले.

मॅडमनी बूट काढले. स्वतः, वाकून. ठाणेदारसाहेब मागे येऊ लागले तसे मी म्हटले, "आप नहीं. बायकांचे आहे." ते तिथेच मोटारसायकलींमध्ये उभे राहिले.

पाटावर बसवल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "माताजी, मेरी शादी नहीं हुई है. मुझे नहीं लगेगा ना?"

मी म्हटले, "तो क्या हुआ? कुमारिका को भी देते हैं."

एवढी मोठी अफसर, तिला मी सगळ्यांदेखत कुमारिका म्हटले. आधी पोलीस मुली हसल्या, मग सगळी खोली, मग स्वतः मॅडम. पुढच्या खोलीत इतके हसू मी आजवर ऐकले नाही. कुंकू लावले, ओटीत केळे आणि लाडू. लाडू त्यांनी लगेच तोंडात टाकला. भुकेल्या होत्या बिचाऱ्या.

शेजारच्या पाटावर मालूबाई. हळदकुंकू लावून झाल्यावर अत्तर लावायला मी तिचा हात घेतला. नवीन बांगड्या होत्या, पुन्हा कोपरापर्यंत. अत्तराचा फाया मनगटावर ठेवायचा म्हणून बांगड्या वर सारल्या. खाली सगळा हात हिरवा-काळा. बोटांचे ठसे. जुने, नवे, एकावर एक.

मी अत्तर लावायचे विसरले. मॅडमनी लाडू चावायचा थांबवला.

"ये किसने किया?" एकदम हळू विचारले.

मालूबाईने घटाकडे पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही सर्वांत मोठ्या का वो?"

"इस जिले में, हाँ, काफी बड़ी."

"मग लिहून घ्या. मी फाटकापर्यंत पाच वेळा येऊन गेली. आत सगळे पुरुष माणसंच दिसून राहिले."

गायत्रीने कागद आणला. मी बाकीच्यांना मागच्या अंगणात नेले आणि दार ओढून घेतले. मालूबाईने काय सांगितले ते मी ऐकले नाही, ऐकले असते तरी इथे लिहिले नसते. देवीपुढे बसून सांगितले एवढे लिहिते. तिचे झाल्यावर आणखी एक उठून दाराशी गेली, "मी जाऊ का?" म्हणून. मग आणखी एक. नैवेद्य राहिला तो राहिला. अंगणात आम्ही खिचडी वाढली, पुरेना, मग केळ्यांवर भागवले. बहादरपूरच्या बाईचा तो घड नसता तर आज माझी शोभा होती.

मला एकच वाटत राहिले. एवढे दिवस ही बाई नुसते पाय दुखतात म्हणत होती. मला सांगितले असते तर मीच तिचा हात धरून फाटकातून आत नेले असते, वीस पावले तर आहेत. पण मी तिला बांगड्यांवरून बोलत होते, मग कशी सांगणार.

जाताना मॅडम ओट्यावर थांबल्या. "माताजी, ये लोग रोज आती हैं?"

"रोज इतनी नहीं. आज पूजा थी."

"और बाकी दिन?"

"दो-चार. बैठती हैं, पानी पीती हैं. फिर कोई अंदर जाती है, कोई घर. थकी रहती हैं ना, दूर से चलकर आती हैं."

मॅडमनी ठाणेदारसाहेबांकडे पाहिले. ठाणेदारसाहेबांनी मोटारसायकलींकडे पाहिले. मला वाटते, माझा ओटा मोकळा करून द्यायचे मॅडमच्या मनात आले असावे. मग नकाशे न बघताच गाडीत बसल्या. एवढ्या लांबून आल्या आणि ठाणे पाहायचे राहिलेच.

शुक्रवार, २७ डिसेंबर

सकाळी देव्हाऱ्याखालचा कागद काढून मत लिहिले. एकच ओळ: ठाणे इथेच असावे, कारण इथे चालत येता येते. खाली सही, वैजयंती नंदकुमार. कारंज्याचा विचार मनातून काढून टाकला. आणि पुढच्या खोलीचाही. थोडे जड गेले. मशीन मागेच राहील, तिथेही शिवता येते, फक्त दिवा लावावा लागतो.

लीलाधर शेठ दुकानातून उठून आले. "वहिनी, तुम्ही तर नव्याच्या होता!"

मी म्हटले, "शेठजी, तुमच्या घरच्या वहिनी काल इथेच होत्या. त्यांना विचारा."

शेठ म्हणाले, "तिनेच तर पाठवले मला. म्हणते, तुम्हीही मत बदलून या." आणि डोके खाजवत ठाण्याकडे गेले. हे दुकानात हिशेब लिहीत होते, म्हणाले, शेठ दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

मालूबाईच्या नवऱ्याला आज ठाण्यात बोलावले. तिला काही दिवस भावाकडे, बहादरपूरला पोचवले. गायत्री स्वतः गेली सोबत. पोरीने साधे कपडे घातले होते, मोठ्या बहिणीसारखी दिसत होती.

गुरुवार, २ जानेवारी २०२५

ठरले! दुरुस्तीच. छत नवे, बायकांची वेगळी खोली, वेगळे दार आणि न्हाणीघर-संडास दोन्ही. मॅडमच्या सहीचा कागद ठाणेदारसाहेबांनी पेढ्यासकट दाखवला. मला वाटते देवीनेच केले, कारण आधी नऊच्या नऊ जण नव्याच्या बाजूचे होते. रितेश इंजिनियर पुन्हा आला, त्याला म्हटले, "बघ, ठरवले आम्ही." तो म्हणाला, "आंटी, मुझे तो उसी दिन लग रहा था." मग तेव्हाच का नाही सांगितले?

पण एक पेच पडला. काम सहा-आठ महिने चालणार. तोवर पुरुष मंडळी नगरपालिकेच्या बंद शाळेत बसतील. ती आहे शनवारा वेशीच्या पलीकडे, लांब. आणि बायकांचे टेबल, महिला डेस्क म्हणतात ते, मॅडम म्हणतात याच गल्लीत पाहिजे. ठाणेदारसाहेब आमच्या ओट्यावर बसले, पायातला बूट काढू की नको करत. "भाभीजी, मैडम ने पूछा है. आपका आगे वाला कमरा... किराये पर..."

मी म्हटले, "विचार करून कळवते."

ते गेल्यावर हे म्हणाले, "ठाणे जावे म्हणून तू दोन वर्षे कुरकुरत होतीस. आता ते घरातच येते आहे."

मी म्हटले, "घरात कुठे? फक्त टेबल येते आहे."

हे खूप हसले. एवढे हसण्यासारखे काय ते मला कळले नाही. टेबल म्हणजे टेबलच.

रविवार, ५ जानेवारी

तोंडी बोललेले विसरले जाते आणि फोनवरचे तर लगेच. म्हणून कालच मॅडमना पत्र पाठवले, स्पीड पोस्टने, ४१ रुपये. त्यांना मराठी पुरते कळत नाही, पण वाचून समजावायला गायत्री आहे. नक्कल इथे ठेवते.

मोठ्या मॅडमना सप्रेम नमस्कार.

आपला निरोप ठाणेदारसाहेबांकडून मिळाला. आमची पुढची खोली महिला डेस्कसाठी द्यायला आमची दोघांची हरकत नाही. भाडे घेणार नाही. विजेचे मीटर वेगळे लावून द्यावे. पाटी लावायची तर देवघराच्या भिंतीला खिळा ठोकू नये, बाहेरच्या खांबाला तारेने बांधावी, आणि पाटीवर हिंदीबरोबर मराठीही लिहावे, कारण खकनार-बहादरपूरच्या बायका तेवढे वाचतात. टेबलाच्या पुढे खुर्ची नको, खाली सतरंजी मी घालते. खुर्चीवर बसून बायका बोलत नाहीत, असे माझे मत आहे. पुरुष पोलिसांना काही विचारायचे असले तर त्यांनी ओट्यावरून विचारावे. आपण स्वतः आलात तर आपल्याला सर्व नियम माफ.

मालूबाई बहादरपूरला बरी आहे. मी यांच्याबरोबर जाऊन पाहून आले. हाताला तेल लावते आहे. आपण तिची पुन्हा विचारपूस कराल असे तिला वाटते, तरी करावी.

एक राहिले. त्या खोलीला गल्लीकडून वेगळे दार आहे, आजवर आतून कडी असे. आता त्याला कुलूप घेतले आहे, दोन किल्ल्यांचे. एक माझ्या कमरेला राहील. दुसरी दिली म्हणजे मला उठवू नये असे मात्र नाही, केव्हाही कोणी आली तरी मला हाक मारावी. दुसरी किल्ली कोणत्या मुलीच्या हाती द्यायची, तिचे नाव उलट टपाली कळवावे.